स्थिर

मिरजोळे एमआयडीसी, पत्र्याच्या शेडमधला पोटमाळा.
इथं बसून मी एका दातेरी चाकाला जाळं लावते आहे.
अडतीस दाते. आधीचं चाक बिडाचं होतं, अकरा किलो.
हे ॲल्युमिनियमचं, चाराला थोडं कमी.
वजन उतरवायचं म्हणून पोट कोरलं, सहा भोकं पाडली,
घेर इतका पातळ ठेवला की बोटमालक म्हणाला,
ही काय पापडी आहे?

जाळं म्हणजे मिरकरवाड्यात लतीफचाचा होडेकर विणतो तेच.
त्याच्या जाळ्याच्या डोळ्याला तो आस म्हणतो.
आमच्यात आस म्हणजे चाकाचा कणा.
तिसऱ्या अर्थाबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.
जिथं ताण कमी तिथं मी मोठी आस ठेवते,
दाताच्या मुळाशी, जिथं तडा जन्मतो, तिथं बारीक,
मांदेलीचं पिल्लूही निसटू नये इतकी.
"पिल्लू सुटला पायजे, बाय," चाचा म्हणाला,
"नायतर फुडच्या सालाला खाशील काय?"
माझ्या धंद्यात निसटलेलं पिल्लू
मोठं होऊन परत येतं.

रात्री गणित सोडवायला लावलं.
एकाहत्तर टक्क्यांवर लाइट गेली.
यूपीएस नऊ मिनिटं लढला.
पुन्हा पहिल्यापासून.

पहाटे पडद्यावर चाक हललं.
खरं तर केसाच्या शतांशाइतकं,
पण मी ते दोन हजार पट ताणून बघते,
तेव्हा घेर लवतो, उठतो, पुन्हा लवतो
जाखडीच्या फेरासारखा,
आणि मधून एकमेकींना छेदत दोन रेघा,
ज्यांच्यावर काहीच हलत नाही,
मृदंगवाला बसावा तशा.

नऊशे बारा. हा चाकाचा अंगचा सूर.
दाताला दात भिडतो सेकंदाला सातशे साठ वेळा.
मधे दीडशेची फट. पुरे.
लाल कुठंच नाही, मुळाशी जरा पिवळा.
अहवाल लिहिला, खाली सही: यामिनी भाटकर.

तेराव्या दिवशी 'नूर-ए-दर्या' जयगडपुढून परत आली,
चाक फडक्यात बांधून.
दोन दाते नाहीत. तिसरा मुळाशी चिरलेला,
बरोबर माझ्या पिवळ्यावर.

चाचा रागावला नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला, मूठ कानामागच्या हाडाला,
असा तो तिथं बसला होता म्हणे, भर समुद्रात.
"रिकामा व्हता तवा गप व्हता.
जाळा भरला नि रडाय लागला."

मी लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं.
बल इथं, तेल असं, गरम होतं ते एवढं,
आणि खाली हे चार बोल्ट,
त्यांच्याशेजारी कुलपाचं चित्र नि एक शब्द: स्थिर.
"म्हंजे?"
म्हणजे हे हलत नाही असं धरलंय.
तो हसला. त्याचेही दोन दात नाहीत.
"होडीत? अगो, ता लाकूड हाय.
पानी पिता, फुगता, उनात आखाडता.
न हलनारी म्हनून ह्या बंदरात निस्ती ती बत्ती,
आन तिचाबी उजेड फिरता."

कुलूप काढलं. जागी स्प्रिंग ठेवली.
किती कडक? एक रिकामी चौकट आकडा मागते आहे.
पुस्तकात वाळलेल्या सागवानाचा आकडा आहे.
सोळा वर्षं खारं पाणी प्यालेल्याचा नाही.
अंदाजानं एक घातला,
नऊशे बारा घसरत घसरत
सातशे चौसष्टवर येऊन थांबला,
आणि मी खुर्ची मागे सरकवली.

म्हणून आज जेटीवर, हातोडी नि मोबाइल घेऊन.
चाचा म्हणाला, आधी हात ठेव.
गिअरबॉक्सखालच्या फळीवर तळवा ठेवला.
इंजिन बंद, दोर ढिला.
शेजारच्या बोटीवर कुणी बर्फ फोडत होतं
आणि ते माझ्या मनगटात येत होतं.
"किती?" त्यानं विचारलं.
थांबा, म्हटलं,
अजून एकदा फोडू दे त्याला.